मल्लप्पा घरी येतो

पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या यंत्राचा दांडा थांबला. खिडक्यांवर टांगलेल्या घोंगड्यांच्या विणीतून दुपार कशीबशी आत झिरपत होती. पत्र्याचे छप्पर मधूनच कडाडत होते. मुकुंदाने दांड्यावरचा हात काढला नाही. समोरच्या बाकावर गिरिजाबाई बसली होती आणि हातभर अंतर राखून तिचा दीर ईरप्पा.

तिघांनी नुकतेच जे पाहिले ते असे: खड्ड्यातली माती आपण होऊन उसळली आणि फावड्यांवर जाऊन बसली. मागोमाग एक माणूस वर आला. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे बसलेलाच, कपाळभर भस्म, डाव्या हातात इष्टलिंग. लोकांनी त्याला फुलांच्या विमानात बसवून खांद्यावर घेतले आणि पाठमोऱ्या पावलांनी, सोलापूरच्या भर रस्त्यातून, घराकडे आणले. धुळीतली फुले उडून माणसांच्या ओंजळीत परतली. विमान दारात उतरले. मल्लप्पा घरी आला.

गिरिजाबाईचा नवरा मल्लप्पा माघात गेला, तेव्हा ईरप्पाला विचारून मुकुंदाने ही अंत्ययात्रा कॅमेऱ्यात घेतली होती. दांडा उलट फिरवून ती पडद्यावर परत आणायची, हे मात्र तेव्हा बोलला नव्हता. वर्षानुवर्षे तो असलीच चित्रे काढत आला होता: मागावर विणले जाणारे केस, किल्ल्याच्या खंदकात तरंगत निघालेले लग्न. मोहोळच्या तंबूत लोकांनी ओरडा केला होता, गोष्ट कुठाय म्हणून. स्वप्नाला कोणी कारण विचारत नाही, एवढेच त्याला दाखवायचे होते. ते या एका तुकड्यात प्रथमच साधले होते. आता फक्त विधवेने हो म्हणायला हवे होते.

"झालं की आता, वैनी," ईरप्पा म्हणाला. "दाखवू दे त्यांना लोकांस्नी. हो म्हना आन् उठा. दुकान उघडायचं हाय मला."

"दारात आल्यावर त्यांची मूठ उघडली," गिरिजाबाई म्हणाली.

मुकुंदाला ते ठाऊक होते. फीत धुताना, तांबड्या दिव्याच्या उजेडात, ती बोटे त्याने पाहिली होती. तेव्हापासून त्यांच्याखेरीज त्याला दुसरे काही दिसत नव्हते.

ईरप्पा हसला. "करामत हाय ती. ह्यांचं सगळं असंच. मागं एकदा म्हशीला माळ्यावर चढवली व्हती, जिन्याबिगर. सांगा की हो, मुकुंदराव."

"माझीच करामत," मुकुंद म्हणाला. आपला आवाज त्याला परका वाटला.

"कशी केलीत?" गिरिजाबाईने विचारले.

"कॅमेरा थांबवायचा. वस्तू थोडी हलवायची. पुन्हा चालवायचा. बघणाऱ्याला वाटतं, ती आपण होऊन हलली."

"म्हंजे तुमी त्यांच्या हाताला हात लावलात."

पूजा झालेल्या, लिंग हाती दिलेल्या देहाला बाहेरच्या माणसाने शिवावे, आणि तेही सबंध गल्ली भोवती उभी असताना! रचलेले खोटे आपल्याच हातात मोडलेले मुकुंदाने पाहिले.

"तुमी रस्त्याच्या पल्याड व्हता, तुमच्या त्या तीन पायांच्या घोड्यामागं," ती शांतपणे म्हणाली. "लिंग मी ठेवलं तळहातावर. तवा बोटं उघडी व्हती. हे चित्र उलटं चाललंय, व्हय न्हवं?"

"व्हय," मुकुंद म्हणाला. तिची भाषा त्याच्या तोंडी कधी आली, ते त्याला कळले नाही.

"मग सुलट दावा."

"वैनी, येड लागलं काय!" ईरप्पा अर्धवट उठला. "मेलेल्या मानसाचं किती बघायचं?"

"बसा, भावजी."

काही बदलायचे नव्हते. दांडा दुसऱ्या अंगाला फिरवायचा, इतकेच. पडद्यावर तो त्याने अजून तसा कधी फिरवला नव्हता. नाही म्हणावे असे मुकुंदाला वाटले, खरोखरच वाटले; पण दया जागी होण्याआधीच त्याचा हात वळला होता.

दारातले विमान. मल्लप्पाचा डावा तळहात उघडा, त्यात लिंग. खांदेकरी वाकले, विमान उचलले गेले. हिसक्याने मान किंचित कलली. तशी ती कोणत्याही प्रेताची कलली असती. मग बोटे मिटू लागली. एकदम नव्हे. अंधारात उशापाशी काही चाचपावे तशी, एकामागून एक. लिंग मुठीत धरले गेले.

त्या मुठीच्या अगदी जवळ, विमानाच्या पुढच्या दांड्याखाली, एक चेहरा वर वळलेला होता. उलट्या चित्रात तो गर्दीतला एक चेहरा होता. त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. आता तो ईरप्पाचा होता, आणि मुठीकडे पाहत होता. पुरेसा वेळ पाहत होता. मग त्याने मान खाली घातली, खांदा सावरला आणि पाऊल उचलले. मागच्यांना त्याच्याबरोबर भरभर चालावे लागले.

गिरिजाबाईने पडद्यावरची नजर काढली नाही.

"भावजी," ती म्हणाली, "त्यांची बोटं मिटताना तुमी बघितलं व्हतं?"

बाक करकरले. ईरप्पाने खांद्यावरचा पंचा नीट केला, वहाणा चाचपडत पायांत सरकवल्या आणि पुढे झुकून, जणू अजून काही ओझे वाहतो आहे असा, दाराकडे निघाला. दार उघडताच ऊन थेट पडद्यावर आले. त्या पांढऱ्या उजेडात रस्ता विरला, माणसे विरली, मल्लप्पाच्या कपाळावरचे भस्म तेवढे काही क्षण तरंगत राहिले. ईरप्पा बाहेर पडला आणि मागे न बघता गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला.