बाहेरचे वाचक

"मॅडम, कॉलेजबाहेरच्या वाचकांना इथे बसून वाचायची मुभा देणारं कलम काढा, मग विद्यार्थ्यांना संशोधनाची नियतकालिकं घरबसल्या वाचायला देतो," डेटाबेस कंपनीचा प्रतिनिधी म्हणाला. बाहेरचे असे येतात तरी किती, असं वाटून ग्रंथपालबाईंनी करारातल्या त्या ओळींवर रेघ मारली. करार लागू झाला त्या सकाळी गावातल्या शाळेचे निवृत्त मास्तर नेहमीसारखे कॉलेजच्या ग्रंथालयातल्या संगणकापुढे बसले. पत्नीच्या दुर्मीळ आजारावरचं नवं संशोधन ते डॉक्टरांसाठी वहीत टिपून नेत. आज पडद्यावर ‘परवानगी नाही’ एवढंच उमटलं. "बाई, यंत्र रुसलंय वाटतं माझ्यावर," ते हसून म्हणाले. खरं सांगावं म्हणून बाई पुढे झाल्या. तारीख घालून कोरं ठेवलेलं वहीचं पान दिसलं आणि जीभ रेटेना. "बिघाड आहे, सर. वेळ लागेल." मास्तरांनी वही मिटली. "लागू दे. तुम्ही आहात म्हणून निर्धास्त आहे. रोज येऊन बघेन."