कुकरने घेतलेलं नाव

कुमुद गेली आणि शर्वाणीने बाबांच्या घरातल्या सगळ्या बोलक्या यंत्रांवर एकच नियम चढवला: आईचं नाव घ्यायचं नाही. दिवे, फ्रिज, दरवाजा, सगळ्यांनी ऐकलं. भाताचा कुकर मात्र रोज विचारायचा, "कुमुदताई, दोन वाट्या ना?"

शर्वाणीने पुण्याहून चूक शोधली आणि फोन केला. "बाबा, कुकरच्या प्रोग्रामच्या पोटात आणखी एक छोटा प्रोग्राम आहे. नियम बाहेरच्यालाच लागतोय. नियमापुढे एक स्टार, म्हणजे 'आतल्या सगळ्यांनाही लागू' अशी खूण, टाकला की आतलाही गप्प होईल. टाकू?"

"राहू दे गं. मी बघतो," म्हणत त्र्यंबकरावांनी फोन ठेवला.

संध्याकाळी कुकरने विचारलं. एकट्याला अर्धी वाटीही जड जायची. तरी कुमुद म्हणायची तस्संच ते म्हणाले, "हो रे बाबा, दोनच."