बाह्या तीन

"दुखेल का हो तिला?" मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

टेलर मास्तर ते. गळ्यातली टेप काढायचंही भान त्यांना उरलं नव्हतं. दुकानासमोर टेंपो मागे आला, ठिगळीचा पुढचा डावा पाय चाकाखाली सापडला, आणि मास्तर तिला पोटाशी धरून थेट जनावरांच्या दवाखान्यात. त्यांच्या मागोमाग बायको, हातात मापांची वही तशीच. गिऱ्हाईकाचं माप निम्मंच लिहून झालं होतं.

ठिगळी म्हणजे मास्तरांची कुत्री. अंगाने पांढरी, एका डोळ्यावर काळा डाग, वरून शिवून लावल्यासारखा. नाव मास्तरांनीच ठेवलेलं. आता ती टेबलावर गुंगीत पडली होती. मास्तरांचा आवाज आला की तेवढं शेपटीचं टोक हलायचं.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. "भूल देऊनच करणार, मास्तर. तेव्हा तिला काही कळायचं नाही. प्रश्न नंतरचा आहे. एक तर हाडाला पट्टी आणि स्क्रू लावायचे. पण चुरा झालाय, वरची कातडीही गेलीय. दोन-तीन ऑपरेशनं, दोन महिने पिंजऱ्यात, आणि एवढं करून पाय टिकेलच असं नाही. नाहीतर मग पाय काढायचा. खांद्यापासून."

"म्हणजे मुंढ्यापासूनच? बाही जोडतो तिथून?"

"मुंढ्यापासून म्हणा. तीन पायांवर छान पळतात हो कुत्री. महिन्याभरात तुम्हीच म्हणाल, चौथा हवा होता कशाला? तिसरा पर्याय इंजेक्शनचाही असतो, पण..."

"तो नको," मास्तर घाईने म्हणाले. आणि मग प्रश्नांची सरबत्तीच सुरू झाली. टाके किती पडतील? शुद्धीवर आल्यावर पाणी कधी द्यायचं? घाबरली तर? कुठल्या कुशीवर झोपवायची? सोबतीला कुणी थांबलं तर चालेल का?

बायको भिंतीला टेकून ऐकत होती. दोन वर्षांपूर्वी तिची गर्भपिशवी काढली, तेव्हा हेच मास्तर असेच डॉक्टरांपुढे उभे होते. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा," एवढं एकच वाक्य बोलले, सही केली आणि दुकान उघडायला गेले. कुणाचे तरी कपडे द्यायचे होते. तिने मनाला लावून घेतलं नव्हतं. माणूसच अबोल, त्याला काय करणार, अशी स्वतःची समजूत घातली होती. आज पाहते तर दगडाला पाझर फुटलेला.

"तू सांग गं," मास्तर एकदम तिच्याकडे वळले. "मला काही सुधरत नाही. काय करू?"

अठरा वर्षांच्या संसारात त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. तिसरा पर्याय तिच्या अगदी ओठांवर आला. देवा, हे कुठून आलं मनात! तिने जीभ चावली.

"पाय काढा," ती म्हणाली. "एकदाच काय ते होऊन जाऊ दे. रोज थोडं थोडं दुखणं काय असतं, ते मला विचारा."

मास्तरांनी विचारलं नाही. ते सही करायला वाकले होते.

"टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा घालावा लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नाहीतर अंगाबरोबर बसणारं जाकीट."

"जाकीट मी शिवतो की!" गळ्यातली टेप सर्रकन निघाली. फुलाला हात लावावा तशी मास्तरांनी ती ठिगळीच्या अंगाखालून सरकवली. "लिही. छाती बावीस. गळा तेरा. पाठ एकोणीस. कापड मऊ हवं. ते निळं सुती पडलंय ना कपाटात, तेच घेऊ."

ते निळं कापड तिच्या ब्लाउजचं होतं. सवड मिळाली की शिवतो, म्हणून दोन वर्षं पडलेलं. ती आकडे लिहीत राहिली.

"बाह्या चार. आखूड."

पेन्सिल थांबली. "तीन," ती हळूच म्हणाली.

मास्तरांचे हात टेपवरच थिजले. तिने वहीत तीनचा आकडा लिहिला.

मदतनीस आला आणि ठिगळीला आत घेऊन गेला. दार लागलं. मास्तर मोकळी टेप हातात धरून दाराकडे बघत राहिले.

"माझंही माप घ्या," बायको म्हणाली.

"आता? इथे?"

"वहीतलं ऑपरेशनच्या आधीचं आहे. तेव्हापासून प्रत्येक ब्लाउज आतून दुमडून घालतेय."

मास्तरांनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. बाई हात धुण्यात फारच गर्क झाल्या होत्या. टेपला चिकटलेले पांढरे केस मास्तरांनी झटकले आणि ती बायकोच्या पाठीमागून फिरवून पुढे आणली. आकडा पाहिला. टेप सरळ करून पुन्हा पाहिला.

"चार इंच कमी? एवढी कधी उतरलीस तू?"

तिने वही त्यांच्या हातात दिली, वर पेन्सिल ठेवली. लिहायचं काम आजवर तिचंच होतं. मास्तरांनी पेन्सिल अवघडून धरली आणि ठिगळीच्या मापांखाली टेकवली.

"तिच्या खाली नको," ती म्हणाली. "पान उलटा."