चंद्रभानच्या वाटची पूजा

किसनराव एक पूजा आटोपून पुन्हा देवघरात अंबादेवीसमोर त्याच पाटावर बसले. पहिली पूजा स्वतःची, दुसरी चंद्रभानच्या वाटची. मुलगा मुंबईला कॉलेजात शिकत होता आणि त्याने देव सोडला होता.

“बाबा, तुमी अमरावतीत घंटी वाजोता, ते मुंबईले कसं पोचते?” जमुनेने विचारलं.

“आपला कापूस नाही पोचत विलायतेले? विलायत तरी कुठं पाह्यली मी?”

जमुना हसली. धाकट्या भावाची वाचून झालेली पुस्तकं तिच्याकडे येत. त्यांच्याबरोबर त्याचा नास्तिकपणाही आला होता. थोडा वापरलेला, पण तिला अगदी मापात बसला होता. घरात आपण एकटीच शहाणी, हे ती रोज नव्याने पडताळून पाही.

दुसऱ्या दिवशी पटकीने किसनराव गेले.

जमुना रडली नाही. तिने पाहुणे पाहिले, तेरवीचा स्वयंपाक पाहिला. अकोल्याचा दलाल बाबांना विचारत आला, तेव्हा “घरी नाहीत,” म्हणाली. हे खोटं नाही, असं तिच्या तर्कशास्त्राचं मत पडलं. अमेरिकेतल्या लढाईने कापसाला सोन्याचा भाव आला होता. दलाल ओसरीवर वाट पाहत बसला. शेवटी शेजाऱ्याने त्याला उठवून नेलं.

तेरवीसाठी आलेला चंद्रभान तेरवी झाली तरी मुंबईला निघेना. परीक्षा तोंडावर आलेली, आणि हा जागरणाने लाल झालेले डोळे घेऊन देवघराच्या उंबऱ्यावर.

“कावून बसला रे? गाडी जुपून उभी हाय.”

“ताई, परीक्षेत हात कापते माहा. मंग आठोते, बाबा आता माह्यासाठी बसले असतीन. हात थांबते. आता कोन बसन?”

“अन् तू तं देव मानत नाहीस!”

“बाबा मानत व्हते ना. म्हून मले नाही मानलं तरी चालत व्हतं.”

आपलाही शहाणपणा इतके दिवस बाबांच्याच भरवशावर चालला होता, हे जमुनेला तेव्हा कळलं.

“मी बसीन. तू जाय.”

गाडी दिसेनाशी झाल्यावर ती पाटावर बसली. देव नसल्याचे पुरावे तोंडपाठ होते, आरती एकही धड येत नव्हती. जन्मभर एका घरात राहून तिचं आणि देवीचं बोलणं नव्हतं.

“मी जमुना. किसनरावची पोरगी,” तिने ओळख करून दिली.

मग रोजचा माणूस का आला नाही, हेही सांगणं आलं.

“बाबा वारले.”