मूचं पत्र

माझ्या मुलाच्या, विवेकच्या थाई बायकोचं पत्र मी दीड वर्षं पुस्तकात दडवून ठेवलं. विवेककडून तिने ते मराठीत लिहून घेतलं होतं. "बाबा, मला घरी सगळे मू म्हणतात. मू म्हणजे डुक्कर. बाळाला असं नाव दिलं की भुतं त्याला नेत नाहीत, असं आजी म्हणायची. तुम्हीही मला मूच म्हणा. तुम्हाला घरी काय म्हणतात?"

सुनेला डुक्कर कसं म्हणायचं? सेलूत कुणी विचारलं, तर मी तिचं नाव पौर्णिमा सांगत असे.

काल पुस्तकं झाडताना ते पत्र माझ्या बायकोच्या, धुरपताच्या हाती लागलं.

"काऊन लाजता जी? तुमच्या आंधीचे दोन भाऊ गेले, म्हून सासूबाईनं तुमाले सुईणीच्या पदरात टाकून परत इकत घेतलं. तुमचं नाव का मोठं राजाचं हाये?"

शाळेत मी तीस वर्षं नुसता के. आर. सर होतो.

आज सेलूच्या पोस्टात उत्तर टाकून आलो.


"प्रिय मू, उशिराबद्दल माफ कर. माझं नाव कवडू. आईने मला एका कवडीला परत घेतलं होतं."