मागचं माझ्यावर सोडा

परवा ऑफिसच्या जेवणात ह्यांनी माझी ओळख करून दिली ती अशी : "ही माझी बायको बरं का! लोकांना थोरली बहीण वाटते, म्हणून आधीच सांगून ठेवतो." सगळे खो खो हसले. मीही हसले, पण मनात गाठ मारून ठेवली.

मला रंगाने पुरळ उठतं, म्हणून माझं डोकं पांढरं. ह्यांचं मात्र दर महिन्याला हातमोजे घालून मीच काळं करते.

आज ह्यांचा सत्कार. मागून मशीन मारून घेतलेलं डोकं घेऊन हे सकाळीच बाथरूममध्ये स्टुलावर बसले, खांद्यावर जुना टॉवेल.

"मागे नीट लाव गं. सगळं ऑफिस मागेच बसणार आहे."

"मागचं माझ्यावर सोडा."

भांग, कानशिलं, मिशी, जे जे आरशात दिसतं ते ते कोळशासारखं केलं. मागे नुसतं कंडिशनर चोपडलं.

हॉलमध्ये हे पहिल्या रांगेत मान ताठ करून बसले. मागून एका सहकाऱ्याची शाळकरी मुलगी म्हणाली, "आजोबा, डोकं जरा बाजूला घ्या ना, स्टेज दिसत नाही."

हे इकडेतिकडे बघायला लागले, आजोबा कोण ते.

मी मागे वळले आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,



"आजोबा नाहीत गं बाळा, माझा धाकटा भाऊ आहे तो!"