काठोकाठ

वादळ टळेपर्यंत थांबायचं म्हणून बाबांनी आपली शिडाची होडी खाडीत आणून नांगर टाकला, त्याला तीन दिवस झाले होते. तिन्ही दिवस बापलेकींनी खिचडीच खाल्ली होती. सोमवारी तिला ऑफिसात हजर व्हायचं होतं.

“ऑफिस काही पळून जात नाही,” बाबा म्हणाले. “कप काय म्हणतो ते बघू.”

त्यांचा हा जुना नियम होता. चहाचा काठोकाठ भरलेला कप फळीवर ठेवायचा आणि सुपारी कातरून होईपर्यंत थेंबही सांडला नाही, तरच शीड उघडायचं. दोन दिवस बशी भरून वाहिली होती. त्या सकाळी चहा तिने ओतला.

बाबांची सुपारी कातरून झाली. बशी कोरडीच होती. त्यांनी कपात पाहिलं, मग तिच्याकडे. “गोडं पाणी संपलं वाटतं,” ते म्हणाले आणि एका घोटात चहा संपवून उठले. “चल, तुझा सोमवार गाठू.”

खाडीच्या तोंडाशी वारा उलटला. शिडाचा आडवा वासा फिरून बाबांना लागला आणि ते पाण्यात पडले. चौथ्या दिवशी त्यांचं प्रेत किनाऱ्याला लागलं.

“एवढा जाणता माणूस त्या वाऱ्यात निघालाच कसा?” लोक विचारत राहिले.

वर्षाने, होडी विकायच्या आदल्या दिवशी, तिने होडीत चहा केला आणि काठोकाठ भरलेला कप त्याच फळीवर ठेवला. थेंबही सांडला नाही.

“पाणी पुष्कळ होतं, बाबा,” ती म्हणाली. “कप मीच अर्धा भरला होता.”